संचाराचा हक्क आणि थांबण्याचा नियम

(आषाढी पौर्णिमेला, वर्षावास प्रारंभाच्या दिवशी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही विद्वान वक्ता नाही. बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो आणि रिंग खात्यात उभी हयात गेली. शिक्षण म्हणाल तर दहावीच्या आतले. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, ह्याच विहाराच्या वाचनालयात. त्यामुळे माझ्या बोलण्यात भाषेचा थाट नाही. समितीने मला विषय दिला होता 'वर्षावासाचे महत्त्व'. समितीच्या परवानगीने मी त्याला एक शेपूट जोडले आहे, ते आपल्या जाण्यायेण्याच्या हक्काचे. माणसाला वाटेल तिथे जाण्याचा हक्क आहे, आणि तरीसुद्धा काही वेळा त्याने थांबले पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे आहे. शेवटी एक सूचना मांडणार आहे. ती तुमच्यापैकी पुष्कळांना आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस भलत्या समाजापुढे भलता विषय घेऊन उभा राहिला! ज्यांना पिढ्यान् पिढ्या रस्ताच बंद होता, त्यांना हा थांबायला सांगतो? हा आक्षेप खोटा नाही. म्हणून आधी त्याचाच हिशेब करू.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिले, आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यात पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन आहे. अस्पृश्याने गळ्यात मडके बांधायचे, कारण थुंकी रस्त्यावर पडता कामा नये. कमरेला झाडू बांधायचा, कारण पाऊल उमटलेली धूळ मागच्या मागे झाडली गेली पाहिजे. बघा, रस्ता होता, चालायला पायही होते. पण पावलाचा ठसासुद्धा मातीत राहू द्यायचा नाही!

दुसरी गोष्ट खुद्द बाबासाहेबांच्या लहानपणची, १९०१ सालची. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या कामावर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना भेटायला ही मुले साताऱ्याकडून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनला उतरली. नवे कपडे, नवे जोडे, डोक्यावर चकचकीत टोप्या. स्टेशनमास्तरला वाटले, कोणा बड्या घरची मुले आहेत. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. शेवटी ठरले ते असे, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. तिकीट होते, खिशात पैसे होते, सोबत शिदोरी होती, आणि तरी प्रवास म्हणजे शिक्षा. बाबासाहेबांनी हे सगळे स्वतः लिहून ठेवले आहे. मुलांनो, ते प्रत्येकाने वाचावे, लहानसेच पुस्तक आहे.

अशी उदाहरणे सांगायला लागलो तर रात्र पुरणार नाही. केरळात वायकोमला १९२४ साली सत्याग्रह झाला. देवळात शिरण्यासाठी नव्हे, देवळाभोवतालच्या रस्त्यावरून नुसते चालण्यासाठी! आपल्याकडे पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आणि पुढे वाढवलेल्या कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत केली, तिला लोक सेटलमेंट म्हणत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाल्यावर ह्या माणसांचे पाय मोकळे झाले.

आणि लांब कशाला जायचे, आपल्या गिरणगावात बघा. साचेखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे पाऊल ठेवू देत नसत. का? तर धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा लागू द्यायचा! म्हणून आपली माणसे रिंग खात्यात. एकाच गिरणीत, एकाच छपराखाली, ह्या खात्यातून त्या खात्यात जायला बंदी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मी लागलो तेव्हा ते दिवस गेलेले होते, पण जुनी माणसे तोंडाला पदर लावावा तशी हळू आवाजात ते सांगायची.

तर हा आपला इतिहास. कोणी 'इथे येऊ नका' म्हटले की आपल्या अंगावर काटा येतो, ते उगाच नव्हे. आणि तो येत राहिला पाहिजे. मी आज जे बोलणार आहे ते हा काटा काढून टाका म्हणून नव्हे.

आता वर्षावासाकडे येतो.

आजची पौर्णिमा आली की आपण विहारात ग्रंथवाचन सुरू करतो, तीन महिने चालवतो, आश्विन पौर्णिमेला सांगता करतो. खीरदान होते, भंतेजींना चीवरदान होते. छान आहे. पण मुळात हा नियम कशाचा आहे, असे कोणी विचारले तर आपल्यातले कितीजण सांगतील? वर्षावास हा मुळात प्रवासबंदीचा नियम आहे. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण तसेच आहे.

तथागतांनी पहिल्या भिक्खूंना काय सांगितले होते? चाला. लोकांच्या हितासाठी गावोगाव जा, आणि घोळक्याने जाऊ नका, म्हणजे जास्त गावांना धम्म पोहोचेल. म्हणजे आपला संघच मुळी चालत्या पायांचा. मठ नाही, गादी नाही. असा हा फिरता संघ. मग ह्याच संघाला तीन महिने एका जागी बसवले कोणी आणि का?

विनयपिटकात महावग्ग म्हणून भाग आहे, त्यात ही हकिगत येते. राजगृहाला वेळुवनात भगवंत राहत होते. तेव्हा पावसाळ्यात राहण्याचा नियम घातलेला नव्हता. भिक्खू उन्हाळ्यात चालत, हिवाळ्यात चालत, पावसाळ्यातही चालत. लोक कुरकुर करू लागले. हे शाक्यपुत्र श्रमण भर पावसात हिंडतात, कोवळे हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. दुसऱ्या पंथांचे लोक पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी करून बसतात, मग ह्यांनाच काय झाले? ही कुरकुर भिक्खूंनी ऐकली आणि भगवंतांच्या कानावर घातली. आणि भगवंतांनी नियम केला.

ह्यात मला दोन-तीन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली ही, की तक्रार कोणाची? राजाची नव्हे, पुरोहिताची नव्हे. साध्या लोकांची. ज्यांच्या शेतात कोवळे पीक उभे होते त्यांची. भगवंत असे म्हणू शकले असते, की आमचे काम केवढे मोठे, आम्ही दुःखमुक्तीचा मार्ग सांगत फिरतो, तुमच्या गवताचे काय घेऊन बसलात? तसे ते म्हणाले नाहीत. काम कितीही थोर असले तरी पाय कोणाच्या तरी अंगावर पडत असतो, हे त्यांनी मान्य केले.

दुसरी गोष्ट, नियमाला मुदत आहे. तीन महिने. पाऊस संपला की वाट मोकळी. ज्याला आषाढी पौर्णिमेनंतर लगेच बसता आले नाही त्याच्यासाठी महिन्याने पुढची तारीखही ठेवली.

आणि तिसरी गोष्ट तर माझ्यासारख्या कामगाराला एकदम समजते, ती म्हणजे रजा. नियमात सात दिवसांची रजा आहे! आजारी भिक्खू असेल, भिक्खुणी असेल, आई किंवा बाप आजारी असेल, कोणा उपासकाने दान देण्यासाठी, धम्म ऐकण्यासाठी बोलावणे पाठवले असेल, तर जावे आणि सात दिवसांत परत यावे. आणि जिथे वर्षावास धरला तिथे वाघरू आले, चोर आले, आग लागली, पूर आला, जेवण मिळेनासे झाले, तर ती जागा सोडून जावे, त्यात दोष नाही. एवढेच नव्हे तर गवळ्यांच्या तांड्यात, व्यापाऱ्यांच्या काफिल्यात किंवा नावेत वर्षावास धरला तरी चालतो. तांडा हलला तर त्याच्याबरोबर हलावे. किती बारीक विचार केला आहे बघा! नियम माणसासाठी आहे, माणूस नियमासाठी नाही, हे नुसते बोलण्यात नव्हे तर कलमाकलमात आहे. आमच्या स्टँडिंग ऑर्डर लिहिणाऱ्यांनी हे वाचले असते तर बरे झाले असते.

ह्या थांबण्यातूनच विहार उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात राहायचे तर छप्पर हवे, पाणी हवे. आपल्या मुंबईतच कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. सहलीला गेलात तर लेण्यालेण्याशेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी नीट बघा. आज ज्या विहाराचा वर्धापनदिन आपण साजरा करतो, तो विहार हा शब्दसुद्धा थांबलेल्या माणसांनी आपल्याला दिला आहे.

आता एक गोष्ट राज्यघटनेची, थोडक्यात. कलम १९ मध्ये भारतात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते वापरायला जातीच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे आहे. महाडचे तळे त्या कलमात आले आहे, असे मी मानतो. पण त्याच कलम १९ मध्ये पुढे हेही आहे, की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी ह्या संचारावर वाजवी निर्बंध घालता येतील. काहीजण म्हणतात, एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. तसे नाही. तो 'वाजवी' शब्द मसुद्यात सुरुवातीला नव्हता. १९४८ च्या डिसेंबरात पंडित ठाकूरदास भार्गव यांनी तो घालण्याची दुरुस्ती आणली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. एका शब्दाने काय झाले? सरकारने बंदी घातली तर ती वाजवी आहे की नाही हे कोर्टाला तपासता येऊ लागले. आपल्या चळवळीतल्या पोरांना तडीपारीची नोटीस येते तेव्हा हाच शब्द उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्याच एका तडीपारीच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तडीपारी हे असाधारण पाऊल आहे, ते ऊठसूट उचलायचे नाही.

तेव्हा कोणीही 'थांबा' म्हटले की मी माझ्यापुरते विचारतो, हे सगळ्यांना आहे की फक्त आम्हाला? कारण काय? किती दिवस? आणि थांबलेल्या माणसाच्या पोटाचे काय? पुण्याच्या मडक्याला आणि झाडूला ह्यातल्या एकाचेही उत्तर देता येत नाही. वर्षावासाला सगळी देता येतात.

हा विचार पुस्तकातला म्हणून ठेवून दिला असता. पण २०२० साल आले आणि सगळ्याची परीक्षा झाली.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता जाहीर झाले, की आज मध्यरात्रीपासून देश बंद. चार तासांची मुदत! मी साथीच्या काळात निर्बंध नको होते असे म्हणणाऱ्यांतला नाही. ह्या शहराने १८९६ चा प्लेग पाहिलेला आहे. तेव्हा लाखो माणसे मुंबई सोडून पळाली, गिरण्यांना कामगार मिळेनात, आणि रोग गावोगाव गेला. त्याच प्लेगात पुण्याला रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाई गेल्या. साथीचा कायदाही त्याच वर्षीचा, १८९७ चा, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच पुन्हा लागू केला. तेव्हा बंदीला कारण होते, आणि ती सर्वांना होती. पण बाकीच्या दोन प्रश्नांचे काय? ज्याच्या घरात महिन्याचे राशन आहे तो दार लावून बसू शकतो. नाक्यावर उभा राहणारा, कारखान्यात झोपणारा कुठे बसणार? १४ एप्रिल २०२०. आपण सर्वांनी घरात मेणबत्ती लावून जयंती साजरी केली, आठवते ना? त्याच दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर परप्रांतीय मजुरांची गर्दी जमली, आम्हाला गावी जाऊ द्या म्हणून. श्रमिक गाड्या सुटल्या त्या १ मेपासून. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली माणसे, जालन्याहून चालत निघाली होती. गाड्या बंद आहेत असे समजून ती रुळावर झोपली. निर्बंध चांगला असून भागत नाही, तो घालणाऱ्याला पोटाची आणि वाटेची सोय करता आली पाहिजे. भगवंतांना ते अडीच हजार वर्षांपूर्वी सुचले होते.

मुदतीचे म्हणाल तर लोकल आपल्याला १५ ऑगस्ट २०२१ पर्यंत खऱ्या अर्थाने मिळाली नाही, आणि तीही दोन डोस झालेल्यांनाच. मधे सुरू, मधे बंद. आणि मी ज्या गिरणीत होतो ती मार्च २०२० मध्ये टाळेबंदीसाठी म्हणून बंद झाली ती झालीच. साथ गेली, बाजार उघडले, नाटके-सिनेमे लागले, पण आमचे फाटक उघडले नाही. थांबा म्हणणाऱ्याकडून मुदत लिहून घ्यावी, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

पण त्याच वर्षातली दुसरी बाजू आपल्या समाजाची आहे आणि ती मला अभिमानाची वाटते. त्या वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवरचा दसऱ्याचा सोहळा स्मारक समितीने रद्द केला. मग ६ डिसेंबर आला. सरकारने, महापालिकेने आणि आपल्याच संस्था-संघटनांनी आवाहन केले, की ह्या वर्षी चैत्यभूमीला येऊ नका, दूरदर्शनवर थेट दाखवू, घरूनच अभिवादन करा. तेव्हा ह्याच सभागृहात, तोंडाला मास्क लावून, लांब लांब बसून आपली बैठक झाली होती. तरुण मंडळी भयंकर चिडली होती. एक जण म्हणाला, "बाजार चालू, दुकानं चालू, आणि आमच्या बापाच्या पायाशी जायला बंदी? ही नवी गावबंदी आहे!" त्याच्या रागात चूक काही नव्हती. तेव्हा मागे बसलेल्या एक आजी बोलल्या. त्या आता नाहीत. लग्न होऊन ह्या वस्तीत आल्यापासून एकही सहा डिसेंबर चुकवला नव्हता. त्या म्हणाल्या, "पोरा, मी तिथं रांगेत खोकले, अन् परभणीची एखादी बाई तो खोकला घरी घेऊन गेली, तर बाबा काय म्हनतील मला?" बस्स. पुढे चर्चा झालीच नाही. त्या वर्षी पंढरीच्या पालख्यासुद्धा मोजक्या माणसांनिशी एसटीने गेल्या होत्या. म्हणजे बंदी आपल्यालाच होती असे नव्हे. सगळ्यांना होती, कारण होते, आणि साथ ओसरल्यावर वाट मोकळी झाली. आज पुन्हा लाखो लोक येतात.

आता माझी सूचना सांगतो. जरा शांतपणे ऐकून घ्या.

६ डिसेंबरला दादरला काय होते ते आपण दरवर्षी बघतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, कुठून कुठून माणूस येतो. रेल्वे जादा गाड्या सोडते, तरी जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. शिवाजी पार्कवर मंडपात रात्र काढायची, थंडीत, लहान लेकरे घेऊन. मग चैत्यभूमीची रांग. ती रांग किती लांब जाते आणि किती तास लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. आणि त्या रांगेत आपण, मुंबईची माणसे, आपणही त्याच दिवशी, त्याच वेळी उभे असतो. आपण, ज्यांना चैत्यभूमी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस एका लोकलच्या अंतरावर आहे!

माझे म्हणणे एवढेच, की ५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून ६ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत आपल्या वस्तीतल्या धडधाकट माणसांनी दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये. आपले अभिवादन आपण आधी करावे, एक तारखेला, दोन तारखेला, नाहीतर नंतर सात तारखेला. सात तारीख काही कमी नाही. ७ डिसेंबर १९५६ लाच बाबासाहेबांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. गिरणगाव लोटले होते त्या दिवशी. सहा तारखेला पहाटे ह्याच विहारात वंदना घेऊ, आणि जागा लांबून आलेल्यांना सोडू.

गर्दी ही काय चीज आहे ते आपल्या भागाला सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१७. एलफिन्स्टन रोड, म्हणजे आताचे प्रभादेवी स्टेशन. त्या पुलावरून आपण सगळेच कामाला गेलो आहोत. सकाळची वेळ, पाऊस आला म्हणून माणसे जिन्यावर थांबली, मागून येणारी येतच राहिली. तेवीस माणसे गेली. दंगल नव्हती, आग नव्हती. प्रत्येकजण आपल्या हक्काच्या पुलावर, आपल्या हक्काच्या तिकिटावर उभा होता. मुंबईच्या रेल्वेवर साथीची वर्षे सोडली तर दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसे मरतात, त्यांत रूळ ओलांडताना मरणारे सर्वांत जास्त. आपल्या वस्तीतूनही गेले आहेत. सहा डिसेंबरला दादरच्या पुलावर पोलीस दोर लावून एकेरी वाट करतात, तेव्हा आपली पोरे दोराखालून घुसतात. घुसू नका रे बाबांनो. तो दोर मसूरच्या स्टेशनमास्तरचा नाही.

आक्षेप काय येणार ते मला ठाऊक आहे. काल समितीत मी हे बोललो तेव्हाच तीन आले. पहिला, की सहा तारीख ती सहा तारीख, भावनेचा प्रश्न आहे. आहेच. म्हणून तर ज्याला त्या दिवशी गेल्याशिवाय चैन पडणार नाही त्याच्यासाठी भगवंतांची रजा आहे! म्हातारे माणूस आहे, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, त्याने जावे. आजारी आहे, नवस म्हणत नाही मी, पण मनाशी काही धरले आहे, त्याने जावे. गावाहून आई-वडील, सासू-सासरे आले आहेत, त्यांना वाट माहीत नाही, तर त्यांच्याबरोबर घरातल्या एकाने जावे. एकाने, अख्ख्या कुटुंबाने नव्हे.

दुसरा आक्षेप, की आपण घरी बसलो तर आपली ताकद दिसणार कशी? ताकद दाखवायला शिवाजी पार्कवर कामाला माणसे लागतात. पाण्याच्या पिंपाजवळ, चुकलेल्या मुलांच्या मंडपात, पुस्तकांच्या स्टॉलमागे, सकाळी केर काढायला. दहा-दहा जणांच्या तुकड्या, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पाळीने. आम्ही गिरणीत तीन पाळ्या चालवल्या, हे एक दिवसाचे काम चालवता येणार नाही काय?

तिसरा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो. एक ताई म्हणाल्या, "दादा, आज आपण आपल्या तोंडाने म्हणालो की गर्दी नको, तर उद्या दादरला आपली माणसं नको म्हणणारे हेच वाक्य घेऊन कोर्टात जातील." तशी माणसे आहेत. सहा डिसेंबर आला की वर्तमानपत्रांत वाचकांची पत्रे येतात, आरक्षित डब्यांत घुसले, घाण केली म्हणून. बाकीच्या जत्रा-यात्रांच्या गाड्या ह्या लिहिणाऱ्यांना दिसत नाहीत. आता दुसऱ्याच्या नावाची बर्थ अडवू नये हे मलाही मान्य आहे, तिकीट काढून आपल्या डब्यात बसावे हेही मान्य आहे, आणि आपल्या गावाकडच्या पाहुण्यांना आपण ते फोनवर सांगितले पाहिजे. पण तो दुसरा प्रश्न. ताईंना माझे उत्तर असे, की ही बंदी नाही. आपण कोणालाच येऊ नका म्हणत नाही. उलट परभणीच्या, अकोल्याच्या, गुलबर्ग्याच्या माणसाला अधिक जागा मिळावी म्हणून आपण आपल्यालाच, ह्या वस्तीपुरते, दीड दिवस थांबायला सांगतो. सरकारने उद्या हे आपल्यावर लादले तर मी स्वतः फलक घेऊन पहिला उभा राहीन. तरीही ताईंचे समाधान झालेले नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ठराव झाला तर त्यात 'स्वेच्छेने' आणि 'फक्त ह्या वर्षापुरता' हे दोन शब्द घालावेत असे त्यांनीच सुचवले आहे, आणि ते मी घेतले आहेत.

आज ठराव करायचा नाही. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांना विनंती करतात, की माझे काही चुकलेले पाहिले असेल, ऐकले असेल तर सांगा. त्याला पवारणा म्हणतात. आपण आश्विन पौर्णिमेला बैठक घेऊ. तोपर्यंत वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी त्यात कारणासह लिहावे, नाव घालावे, निनावी लिहू नये. ज्यांना म्हातारी माणसे घेऊन सहा तारखेला जावेच लागणार आहे त्यांनी वेगळ्या पानावर नोंद करावी, म्हणजे त्यांच्यासोबत कोण जाणार ते ठरवता येईल. गावाहून किती पाहुणे येणार आणि त्यांच्या झोपण्याची सोय विहारात किती जणांची होते, ह्याचा आकडा महिला मंडळाने काढायचा आहे. पहिल्या पानावर माझी सही आहे. मी दोन तारखेला जाऊन येणार, आणि सहा तारखेला पहाटे पाच ते दुपारी एक पाण्याच्या पिंपावर.

जयभीम. नमो बुद्धाय.